सांज उतरलेले दात

बुलढाण्याच्या बस स्टँडवर चाचांबरोबर दहा मिनिटं उभं राहिलं की निदान तीन माणसांची ओळख व्हायची, पण नाव एकाचंही कळायचं नाही.

“ते पाहा, वरचे डावीकडले तीन,” ते माझ्या कानाशी पुटपुटायचे. “अन् तो पेरू घेऊन राह्यला ना, तो खालचा उजवा. सुलतानपूर. सुपारी सोड म्हणा, तर आयकत नाही.”

“तुम्ही सांगितलं त्याला?”

“मी कायले सांगू? तो मले ओळखत नाही ना.”

खरंच होतं ते. दात बसवणारी डॉक्टर त्या माणसाने पाहिलेली असायची. पण दात घडवणारा माणूस वेगळा असतो, आणि तो आत्ता पंधरा फुटांवर उभा राहून आपण पेरू कसा चावतो हे बघतोय, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसायची.

सगळे त्यांना चाचा म्हणत. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. लोणार, मेहकर, चिखलीकडच्या दवाखान्यांतून तोंडांची मापं बसने यायची, माणसं यायची नाहीत. पार्सलवर ‘चाचा, बुलढाणा’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि ते बरोबर पोचायचं. आता ते मुलीकडे राहायला गेले आहेत आणि त्या खोलीत मोबाईलची कव्हरं मिळतात. मी तिथून जाताना अजून वर बघतो.

त्यांचं मुख्य काम पुलांचं. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांना खांब समजायचं, आणि मधल्या खोट्या दातासकट एक सलग तुकडा त्या खांबांवर कायमचा चिकटवायचा. डॉक्टर लोक त्याला ब्रिज म्हणतात. चाचा पूल म्हणायचे. हा पूल काढता येत नाही. काढायचाच तर कापून काढावा लागतो.

माझे दात उंद्रीच्या एका बांधावर पडले. मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. दोन भावांच्या शेतांमध्ये हद्दीचा जुना दगड आहे की नाही, यावर वाद होता. थोरला म्हणे आहे, धाकटा म्हणे कधी नव्हताच. गवतातून चालताना माझा पाय अडकला आणि मी तोंडावर आपटलो तो नेमका त्या दगडावर. समोरचा वरचा डावा दात आणि त्याच्या शेजारचा, असे दोन गेले. मला उठवायच्या आधी थोरला भाऊ ओरडला, “सापडला! सायबाले सापडला गोटा!”

आमच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी हिशेब सांगितला. दोन गेलेले, दोन खांब, असा चारचा पूल. “दात समोरचे आहेत, रंगासाठी तुम्हाला स्वतः चाचांकडे जावं लागेल,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे रंगाची पट्टी आहे, पण चाचा ती मानत नाहीत.”

चाचांची पट्टी वेगळी होती. चौदा छोट्या बाटल्या, मी मोजल्या. एकीत दादर ज्वारी, एकीत शाळू, एकीत धुतलेले तीळ, एकीत सोललेला लसूण, एकीत भोपळ्याचं बी. एक बाटली नुसत्या ताकाची, ती रोज बदलायची. ते तुमचा ओठ अंगठ्याने वर करायचे, बाटली दाताशेजारी धरायचे आणि डोळे बारीक करून गप्प व्हायचे. मग म्हणायचे, “दादर. मुळाशी जरा भोपळा.”

हे सगळं गच्चीवर, उत्तरेला तोंड करून, सकाळी साडेनऊ ते सव्वादहाच्या दरम्यान. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी कोणाचा दात पाहिला नाही. “ट्यूबलाइटखाली सारी दुनिया एकमेकाले खोटं सांगते,” असं त्यांचं मत होतं. बुलढाणा घाटमाथ्यावर, त्यामुळे काही सकाळी दरीतून ढग वर यायचे आणि गच्ची पुसून जायची. मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ढग होते. ते खुर्चीवर बसून होते, मी खुर्चीवर बसून होतो, आणि आमच्यामधून ढग जात होते. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “उद्या येऊ का?”

“बसा ना. ढगाले काय घाई हाय?”

आणि खरंच बसलो. समोरची पाण्याची टाकी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. मी घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि कचेरीत माझी पहिली उशिराची सही पडली. एकोणीस वर्षांतली पहिली. मला त्याचं काही वाटलं नाही, याचंच जास्त नवल वाटलं.

चौथ्या सकाळी ढग नव्हते. रंग ठरला की ते आकडे मोजायला लावायचे. “एकावन्न ते साठ म्हणा.” मी म्हणू लागलो. दोन दात नसलेल्या तोंडातून त्रेपन्नला शिट्टी वाजली. ते मान कलती करून ऐकत होते, जसा एखादा माणूस दूरची गाडी ऐकतो. “छप्पनले हवा निघून राह्यली. सत्तावन बरं हाय. पुन्हा म्हणा.” मी अकरा वेळा म्हटलं. दाताची जाडी किती ठेवायची हे त्यांना त्या हवेवरून कळायचं म्हणे.

त्यांच्या स्वतःच्या तोंडात वर उजवीकडे एक दात नव्हता. मी एकदा न राहवून विचारलं की दुसऱ्यांचे पूल बांधता, स्वतःचा का नाही? दोन्ही हातांत काम असलं की ते बारीक ब्रश त्या फटीत धरत. तेव्हाही तो होताच. ब्रश काढून ते म्हणाले, “ही जागा खाली नाही साहेब. कामावर हाय.”

काम करताना त्यांना बघणं म्हणजे अर्धवट झोपेत काहीतरी बघितल्यासारखं होतं. धातूचा पातळ सांगाडा, त्यावर पोर्सेलिनची ओली पूड, ब्रशच्या टोकाने थेंब थेंब चढवलेली. मध्येच ब्रशच्या दांडीने टिकटिक ठोकायचे, पाणी वर यायचं, ते कागदाने टिपून घ्यायचे, पुन्हा पूड. पंखा बंद. खाली मशीनवाल्याची सुई चालू बंद व्हायची तेवढाच आवाज. भट्टीत दात आकसतो, म्हणून तो आधी मोठा घडवायचा. पाचात एक भाग मोठा, ते म्हणाले. मी घरून व्हर्नियर नेऊन मोजलं. भट्टीआधी सव्वादहा मिलिमीटर, नंतर साडेआठ. त्यांनी आयुष्यात फूटपट्टी लावली नव्हती.

सगळ्यात शेवटी दाताची खालची कड. माणसाचा दात टोकाला पांढरा नसतो, हे मला तेव्हा कळलं. तिथे तो काचेसारखा असतो आणि त्यात पुसट निळी झाक असते. “दिवस उगवायच्या आधी आभाळात एक रेघ असते पाहा, तेवढीच,” चाचा म्हणायचे. त्या रेघेसाठी त्यांच्याकडे एक वेगळी पूड होती. तिला हात लावताना ते श्वास रोखत.

खोलीच्या एका भिंतीवर फळ्या होत्या. त्यांवर प्लास्टरचे साचे, त्यांनी काम केलेल्या प्रत्येक तोंडाचा वरचा आणि खालचा जबडा. बुडाला गावाचं नाव. हे साचे कोणी ठेवत नाही, काम झालं की फेकतात. चाचांनी एकही फेकला नव्हता. सगळे जबडे उघडे ठेवलेले, जणू गावंच्या गावं एकदम काहीतरी सांगायला निघालीत. मधूनच एखादा जबडा मिटलेला दिसायचा, वरचा खालच्यावर नीट बसवलेला. मी त्याचं कारण विचारलं.

“तो गेला,” ते म्हणाले. “गेलेल्याचं तोंड उघडं ठेवू नाही.”

कोण गेलं हे त्यांना कसं कळायचं, हे मी विचारलं नाही. नाव तर त्यांना माहीत नसायचं.

माझा पूल बसवायच्या दिवशी चाचा दवाखान्यात आले. ज्याचा रंग गच्चीवर पाहिला, त्याच्यासाठी ही त्यांची पद्धत होती. दात पक्के झाल्यावरचं पहिलं हसू बघायचं आणि निघून जायचं. डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला. मी पाहिलं आणि मला कळलं की काहीतरी चुकलंय.

आकार नेमका होता. बसवणी इतकी चोख की जिभेला सांधा लागेना. पण चारही नव्या दातांची खालची कड निळी होती. झाक नव्हे, निळीच. पाणी घातलेल्या दुधासारखी.

“सर, थोडं...” डॉक्टर म्हणू लागल्या आणि थांबल्या.

चाचा समोरच्या स्टुलावर बसले होते. हात मांडीवर, मान पुढे. “काय म्हणता साहेब?” त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्याकडे सरळ बघवेना. अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकासाठी मी कनिष्ठांचे नकाशे परत पाठवतो. मी म्हणालो, “एकदम बरोबर.”

घरी बायकोने दारातच पाहिलं. “अगं बाई,” ती म्हणाली, “तुमच्या दातांले सांज झाली का?”

“दिसतंय?”

“दिसते म्हणजे? वरून दिवस अन् खालून सांज. त्यायले सांगतलं नाही?”

“नाही.”

“शेताचा इतभर फरक असला तं दोन तालुके जागे करता. अन् सोताच्या तोंडाचं बोलता नाही आलं?”

मग सवय झाली. हसताना वरचा ओठ थोडा खाली ठेवायची युक्ती जमली. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. चाचा भेटायचे, स्टँडवर माझ्या तोंडाकडे बघून मान हलवायचे. मी ओठ ताणून हसायचो.

तीन वर्षं गेली. मग कळलं की चाचांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आणि एका रविवारी सकाळी, साडेनऊला पाच कमी असताना, ते आमच्या घरी आले. काळा चष्मा नव्हता, डोळे स्वच्छ होते. पण चाचा वाळल्यासारखे दिसत होते.

“जरा उजेडात येता?”

आम्ही अंगणात गेलो. त्यांनी माझी हनुवटी धरली, ओठ वर केला, पाहिलं, आणि हात काढून घेतला.

“काय दिसतं?” मी विचारलं.

“मी नाही सांगत. तुमी सांगा. मी तेच विचारायले आलो.”

ते ओट्यावर बसले आणि सांगू लागले. डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा सगळं निळं दिसलं. भिंत निळी, दूध निळं, दवाखान्याची चादर निळी. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, होतं असं, डोळ्यातलं जुनं भिंग पिवळं पडलं होतं, आता नव्या भिंगाची सवय व्हायला वेळ लागेल. चार महिने झाले. आता दूध दुधासारखं दिसतं, ज्वारी ज्वारीसारखी. “फक्त माझे दात निळे दिसून राह्यले. बाकी कोनाचे नाही, माझेच. स्टँडवर पाह्यलं तं माझे सारे दात निळे.”

“मग?”

“मंग मी दवाखान्यातून पत्ते घेऊन एकेकाच्या घरी जाऊन राह्यलो. सतरा झाले. विचारलं, दात कसे हायत? सारे म्हनतात एक नंबर. चिखलीवाली बाई म्हने, चाचा, तुमच्या हाताले सोनं लागलं.” ते थांबले. “सतरा मानसं कायले खोटं बोलतीन? दात चांगले असतीन तं डोळे खराब हायत. अन् डोळे खराब तं मी भट्टी इकतो. पोरगी कवाची बलावून राह्यली. पन तुमी मोजनीवाले. तुमी खोटं लिहीत नाही. तुमी म्हना, काय ते.”

मी सगळं समजलो. डोळ्यांत पिवळं उतरलं तसं त्यांना निळं दिसेनासं झालं. जिभेची चव गेलेला माणूस भाजीत मीठ टाकत राहतो, तसे ते ती पूड टाकत राहिले. आणि आम्ही सगळे खारट भाजी खाऊन वा वा म्हणत राहिलो. आता त्या ‘वा वा’पायी हा माणूस बऱ्या झालेल्या डोळ्यांना खराब समजून काम सोडायला निघाला होता.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, ती बोलेल. ती माझ्याकडे बघत राहिली.

“चाचा, निळे आहेत,” मी म्हणालो. “पहिल्या दिवसापासून निळे आहेत. तुमचे डोळे बरोबर आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक देवाचं नाव असावं. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. मग त्यांनी डोळे उघडले.

“पयल्या दिवसापासून?”

“हो.”

“तवा तुमाले दिसलं होतं? आरशात?”

“हो.”

“तुमच्यानंतर त्रेचाळीस केले मी.”

एवढंच म्हणाले. चहावर साय धरली. त्यांनी कप उचलला, खाली ठेवला.

“मंग काऊन नाही सांगतलं?”

“तुम्ही फार खुशीत होता, चाचा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत, तेच कठीण होतं. “साहेब,” ते म्हणाले, “शेतवाला खुशीत असला तं तुमी हद्द सरकवता का?”

  ते उठले, चपला शोधू लागले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मी म्हणालो, “माझा काढा. पुन्हा करा.”

“कापा लागन. आतले खांब तुटले तं चारही जातीन.”

“गेले तर गेले.”

बायको मागून म्हणाली, “करा हो चाचा. मलेच पाहा लागते रोज.”

तेव्हा पहिल्यांदा ते हसले. थोडंसंच.

त्या त्रेचाळीसपैकी अकरा जणांनी पुढे पूल बदलून घेतले. बाकीचे म्हणाले, सवय झाली, राहू द्या. हे दोन आकडे मी एका कागदावर लिहून कपाटात ठेवले आहेत, आणि ही नोंद कोणी खोडू नये अशी माझी इच्छा आहे.

माझा जुना पूल कापायला डॉक्टरांना पन्नास मिनिटं लागली. भूल दिलेली असल्यामुळे वेदना नव्हती, नुसती घरघर होती. त्या घरघरीत मला सारखं वाटत होतं की मी एका पुलाखाली झोपलोय आणि वरून कोणीतरी तो हळूहळू उचलून नेतंय. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “खांब शाबूत आहेत, सर.” चार तुकडे बशीत पडले होते. चाचांनी ते मागून घेतले आणि खिशात टाकले. का, ते मी विचारलं नाही.

मग पुन्हा गच्ची. पाच सकाळी गेलो, ऊन लख्ख होतं. ते आता हळू काम करत, रंग लावून दूर जायचे, पाठ फिरवायचे, पुन्हा अचानक वळून बघायचे, जणू दाताला बेसावध पकडायचंय. मी डोळे मिटून बसायचो. खाली मशीनची सुई चालायची, वर कबुतरं चालायची, आणि दर थोड्या वेळाने त्यांचा अंगठा माझ्या ओठाला लागायचा. आम्ही फार बोललो नाही. ते माझ्यावर रागावले होते का, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून एकावन्नपासून मोजायला लागलो तर म्हणाले, “ते ठीक होतं. हवा ठीकच होती.”

शेवटची भट्टी व्हायच्या आधी पूल एकदा तोंडात बसवून बघतात. दवाखान्यात डॉक्टरांनी तो नुसता खांबांवर टेकवला, चिकटवला नाही. मला खिडकीशी उभं केलं. चाचा समोर आले. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. ते बघत राहिले. उजवीकडून, डावीकडून, मग खाली वाकून. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो, चार मिनिटं झाली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“तांबूस हाय,” ते म्हणाले.

“कुठे?” मी आरसा घेतला. कड अगदी शेजारच्या दातासारखी होती. मी खूप पाहिलं. चारही दात माझे होते, लहानपणापासून माझेच असावेत असे. “चाचा, मला काही दिसत नाही. खरं सांगतो, या वेळी खरं. काही दिसत नाही.”

“मुळापाशी. हिरडीजवळ. समोरच्या दाताले.” त्यांनी बोट थेट तिथे नेलं. “मले दिसून राह्यलं. तांबूस हाय.”

 ते डॉक्टरांकडे वळले. डॉक्टरांनी चष्मा वर केला, माझी हनुवटी उजेडाकडे फिरवली आणि जवळ आल्या. मग आणखी जवळ आल्या. 

“हो, चाचा,” त्या म्हणाल्या. “आहे. केसभर, पण आहे.”

“हाय ना!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “हाय ना? हाय ना!” आणि ते हसायला लागले, तोंड उघडून, दाताची ती रिकामी फट दाखवत. तीन वर्षांपूर्वी स्टुलावर बसलेला त्यांचा चेहरा मला आठवला. पण हा त्याहून वेगळा होता, हा तरुण होता. त्यांनी पूल माझ्या तोंडातून काढला, रुमालात गुंडाळला, “परवा या, परवा,” म्हणाले आणि जिना उतरले.

डॉक्टर तात्पुरते दात शोधू लागल्या. मी खिडकीत उभा होतो. खाली रस्त्याच्या मधोमध चाचा थांबले होते. रुमाल उघडून, माझे चार दात दोन बोटांत उन्हाला धरून ते बघत होते, आणि मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.